वेष्टनावर नाव कोणाचे?

बारामतीच्या भिगवण रस्त्याने किंवा इंदापूरजवळ सोलापूर महामार्गालगत जाताना मोटारींच्या सजावटीची दुकाने आता सहज नजरेस पडतात. पूर्वी अशा दुकानांत आसनांची आवरणे, पायाखालच्या चटया आणि फार तर एखादा टेपरेकॉर्डर मिळत असे. आज तेथे भिंतीवर चकाकणारी अलॉय व्हील टांगलेली असतात. गाडी जमिनीलगत आणणाऱ्या स्प्रिंगा, घुमणाऱ्या आवाजाचे सायलेन्सर, उघडे एअर फिल्टर आणि शंभर वॅटचे दिवे असतात. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ‘पिकअप’ वाढवून देण्याचे आश्वासनही असते. उसाची बिले जमा झाली आणि दसरा-दिवाळी जवळ आली, की या मालाला उठाव येतो. कापड, भुसार, सराफी यांत पिढ्यान्‌पिढ्या रमलेल्या घरांतील तरुण या धंद्याकडे वळले, तर त्यात नवल नाही. गिऱ्हाईक हौशी असते आणि नफ्याचे प्रमाण किराण्याहून पुष्कळच बरे असते.

मात्र किराण्याच्या धंद्यात नसलेली एक गोष्ट येथे आहे. दुकानदार माल विकताना सोबत वॉरंटीही विकतो, आणि ती नेमकी कोणाची असते याचा विचार बहुधा विक्रीच्या वेळी होत नाही.

तंटा उद्भवतो त्याचे स्वरूप साधारण ठरलेले असते. अलॉय व्हीलला सहा महिन्यांत तडा जातो किंवा त्याच बाजूचे बेअरिंग घरघरू लागते. गिऱ्हाईक गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेते. तेथे ‘बाहेरचे पार्ट बसवले आहेत’ असा शेरा पडतो आणि बेअरिंगची वॉरंटी नाकारली जाते. गिऱ्हाईक दुकानात येते. दुकानदार तुटलेला भाग पुण्याच्या किंवा मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडे पाठवतो. तेथून ‘रस्त्याचा दोष आहे, मालाचा नव्हे’ असे उत्तर येते, किंवा उत्तरच येत नाही. तालुक्याच्या गावी विकणारा आणि घेणारा पुन्हा लग्नात भेटतात, देरासरात भेटतात, एकाच बँकेच्या रांगेत उभे असतात. म्हणून अनेकदा दुकानदार मुकाट्याने स्वतःच्या खिशातून भरपाई करतो. न केल्यास गिऱ्हाईक जाते आणि त्याच्यामागे त्याचा गोतावळाही जातो.

या मालात दोष येतो कसा, हे थोडे खोलात पाहण्यासारखे आहे, कारण बाजारात सगळ्यालाच ‘डुप्लिकेट’ म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. खरे तर येथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. पहिली म्हणजे नामांकित कंपनीच्या नावाने, तिच्यासारख्याच वेष्टनात आलेला बनावट माल. दुसरी, कोणाचेच नाव नसलेला आणि कोणी बनवला हे कधीच न कळणारा माल. तिसरी, माल अस्सल आणि उत्तम असूनही तो त्या गाडीसाठी नसणे. तंटे तिसऱ्या प्रकारातूनही भरपूर होतात, पण त्याकडे लक्ष जात नाही.

अलॉय व्हीलचेच उदाहरण घ्यावे. ॲल्युमिनियमचा मिश्रधातू साच्यात ओतताना वायूचे सूक्ष्म बुडबुडे आत अडकले, तर धातूत पोकळ्या राहतात. रंग आणि चकाकी यांखाली त्या दिसत नाहीत. खड्ड्यांचे आणि गतिरोधकांचे धक्के हजारो वेळा बसले, की एखाद्या पोकळीपासून बारीक चीर सुरू होते, हळूहळू वाढते आणि एके दिवशी चाक फुटते. धातुशास्त्रात याला धातूचा थकवा म्हणतात. तुटलेल्या पृष्ठभागावर शिंपल्यासारख्या वलयाकार रेषा दिसल्या, तर चीर पुष्कळ दिवस वाढत होती असे तज्ज्ञ सांगू शकतो. एकाच जबर धक्क्याने चाक तुटले असेल, तर पृष्ठभाग वेगळा दिसतो. म्हणजे ‘रस्त्याचा दोष की मालाचा’ या वादाचे उत्तर बऱ्याचदा त्या तुटलेल्या तुकड्यातच असते. आणि नेमका तोच तुकडा भंगारवाल्याला दिला जातो.

याउलट चाक निर्दोष असूनही चुकीचे असू शकते. नटबोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे ज्याला दुकानात पीसीडी म्हणतात तो, जुळला की काम झाले असे समजले जाते. परंतु मधल्या भोकाचा व्यास हबपेक्षा मोठा असेल आणि मध्ये कडी बसवली नसेल, तर चाक नेमके केंद्रावर बसत नाही व स्टिअरिंग थरथरते. ऑफसेट चुकला, तर चाक बाहेर येते आणि बेअरिंगवर मूळ आखणीपेक्षा अधिक ताण पडतो. चाकाच्या मागील बाजूस ते किती किलो भार सहन करील हा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असावा लागतो. तो गाडीच्या एका अ‍ॅक्सलच्या कमाल भाराच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. तेथेच ‘जेडब्ल्यूएल’ आणि ‘व्हीआयए’ अशी जपानी अक्षरचिन्हे आढळतात. पहिले चिन्ह निर्माता स्वतःच्या परीक्षणाच्या भरवशावर लावतो, तर दुसऱ्यामागे त्रयस्थ संस्थेची नोंदणी असते. नकली मालावर ही चिन्हे नुसती ओतलेलीही असतात, म्हणून कागद मागणे क्रमप्राप्त ठरते.

उघड्या एअर फिल्टरची गोष्ट याहून सोपी आहे. इंदापूरच्या कोरडवाहू भागातील उन्हाळ्याची धूळ ज्याने पाहिली आहे, त्याला इंजिनाने अधिक मोकळा श्वास घेण्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. जाळी जितकी मोकळी, तितकी बारीक धूळ आत जाण्याची भीती अधिक. तेल लावायच्या फिल्टरवर तेल जास्त झाले, तर ते हवामापक सेन्सरवर जाऊन बसते. दिव्यांचेही तसेच. नेहमीचा हॅलोजन दिवा ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १००/९० वॅटचा दिवा बसवला, की वायरी तापतात, परावर्तक काळवंडतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. गाळपाच्या हंगामात मागे लाल दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रात्री रस्त्यावर असताना हे डोळे दिपणे किती महाग पडू शकते, हे या दोन तालुक्यांतील वाचकांना ठाऊकच आहे.

इंजिनाच्या संगणकातील फेरफार, म्हणजे रिमॅपिंग, हा सर्वांत नाजूक प्रकार. डिझेल गाडीत टर्बोचा दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवले, की ताकद खरोखर वाढते, येथे फसवणूक नसते. पण क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो हे मूळ ताकदीच्या हिशेबाने बनवलेले असतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांनंतर धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणाही याच संगणकाशी बांधली गेली आहे. अनेक गाड्यांच्या संगणकात आज्ञावली किती वेळा बदलली याची नोंद राहते. मूळ आज्ञावली परत घातली तरी ती नोंद पुसली जात नाही. ‘कंपनीला कळणार नाही’ असे सांगून हे काम करून देणारा दुकानदार जे वचन देतो, ते पाळणे त्याच्या हाती नसते.

गंमत अशी, की धातूच्या अचूकपणाची परंपरा या परिसराला नवी नाही. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबातले. १८८२ मध्ये जन्मलेल्या या उद्योजकाने कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. १९४४ मध्ये त्यांनीच प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि देशी मोटार उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत आपले नाव नोंदवले. त्याच कंपनीची प्रीमियर पद्मिनी पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने घराघरांत ओळखीची झाली. वालचंदनगरच्या कारखान्यात आज अग्निबाणांच्या बूस्टरची आवरणे तयार होतात. १४ जुलै २०२३ रोजी चंद्रयान-३ घेऊन गेलेल्या अग्निबाणासाठीही या कारखान्याने भाग पुरवले होते. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा तीनचाकी व स्कूटरचा कारखाना आहे, भारत फोर्जचाही आहे. या सर्व ठिकाणी प्रत्येक भागामागे एक कागद असतो: धातू कोठून आला, कोणत्या घाणीतला, कोणी तपासला. त्याच परिसरातील बाजारपेठेत मात्र चार चाकांचा पन्नास हजारांचा संच निनावी वेष्टनात, कधी बिलाशिवाय, हातोहात विकला जातो.

जर्मनीत अशा बदलांना बंदी नाही, मात्र भागासोबत परीक्षणाचा परवाना येतो. तो गाडीत बाळगावा लागतो किंवा तपासणी करून बदलाची नोंद करून घ्यावी लागते. परवाना नसलेला घातक भाग बसवल्यास गाडीची रस्त्यावर धावण्याची परवानगीच संपते. हौसेला वाट ठेवायची आणि जबाबदारी कागदावर बांधायची, ही ती रीत.

आपल्याकडे कायदा अधिक कडक आहे, पण तो ठाऊक असणारे थोडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असे बदल मालकाला करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ व्यापाऱ्याने वाचायलाच हवे. केंद्राने अधिसूचित केलेला सुरक्षिततेचा महत्त्वाचा भाग निकषांत न बसता विकला, तर प्रत्येक भागामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पुण्यात पोलिसांनी जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून सर्वांनी पाहिली आहेत. ते विकणाऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष गेले नाही.

आता कंपनीच्या वॉरंटीबद्दल. ‘बाहेर हात लावला, वॉरंटी संपली’ हे सर्व्हिस सेंटरचे वाक्य ब्रह्मवाक्य मानले जाते, पण ते तसे नाही. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली की सरसकट वॉरंटी रद्द करणे, या प्रथांवर आयोगाने बोट ठेवले. बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले, तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येईल, सरसकट नव्हे, असे त्यामागचे सूत्र होते. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिले झाली, तरी हे सूत्र ग्राहकाच्या उपयोगाचे आहे. सीट कव्हर बाहेरचे आहे म्हणून एसीची वॉरंटी नाकारली गेली, तर कारण लेखी मागावे. पण रिमॅप केलेल्या इंजिनाचा टर्बो गेला किंवा ऑफसेट चुकलेल्या चाकाचे बेअरिंग गेले, तर हा निर्णय आधाराला येईल अशी आशा धरू नये. तेथे बदल आणि बिघाड यांचा संबंध सरळ आहे.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरा धोका मात्र ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याने ‘उत्पादनाचे दायित्व’ ही नवी कल्पना आणली. तुटलेल्या चाकाची किंमत मागणे ही सदोष मालाची साधी तक्रार झाली. त्या चाकामुळे माणूस जखमी झाला किंवा त्याच्या अन्य मालमत्तेचे नुकसान झाले, तर प्रश्न दायित्वाचा होतो. एरवी ते निर्मात्यावर जाते. परंतु कलम ८६ नुसार काही परिस्थितींत ते थेट विक्रेत्यावर येते. दुकानदाराने मालात बदल केला आणि हानी त्यामुळेच झाली, तर. निर्मात्याच्या वॉरंटीहून वेगळी स्वतःची हमी दिली आणि माल तिला उतरला नाही, तर. जोडणी किंवा तपासणी करताना वाजवी काळजी घेतली नाही, तर. वेष्टन वा लेबल यांवर त्याचेच मुख्य नियंत्रण असले, तर. म्हणजे निनावी माल आणून स्वतःच्या दुकानाचे नाव छापलेल्या खोक्यात विकण्याची जी चाल अलीकडे पडली आहे, ती करणारा कायद्याच्या कक्षेत आपण होऊन चालत जातो. आणि यांत सर्वांत महत्त्वाची परिस्थिती ही: माल बनवणारा कोण हे कळतच नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवता येत नसेल, तर जबाबदार विक्रेता. निनावी मालाचा बाप दुकानदारच ठरतो. मालाचा गैरवापर झाला असेल किंवा घेणाऱ्याने त्यात फेरफार केला असेल, तर कलम ८७ विक्रेत्याला बचाव देते, पण तो सिद्ध करण्यासाठीही कागद लागतो.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत. पुरेशा परीक्षणाच्या आधाराशिवाय वस्तूच्या कार्यक्षमतेची किंवा आयुष्याची हमी देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ‘वीस टक्के ताकद वाढेल’ असे फलकावर लिहिले, तर तसे परीक्षण झाल्याचे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर असतो. बिल न देणे हीही अनुचित प्रथाच. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य अजून कित्येक बिलांच्या तळाशी लाल शाईने छापलेले असते. ते आता दुकानदाराचे रक्षण करीत नाही, उलट त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. बिलाशिवाय विकण्याचे एक जुने कारण कराचा बोजा हे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ टक्के होता. त्या कारणात आता पूर्वीइतका जीव उरलेला नाही.

शास्त्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा आहे: अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा हिणकस माल देणे. तुपात आणि केशरात भेसळ होई, त्या काळी घातलेली ही मर्यादा ब्रेक पॅडला तंतोतंत लागू पडावी, हे विलक्षणच.

ग्राहक आणि दुकानदार यांच्या स्थितीत मात्र एक विषमता आहे, आणि ती या धंद्यातील कुटुंबांनी नीट समजून घेतली पाहिजे. ग्राहक जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत, तो राहतो त्या जिल्ह्यात, तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही ग्राहकच. परंतु दुकानदाराने तोच माल पुनर्विक्रीसाठी घेतलेला असल्याने घाऊक व्यापाऱ्याविरुद्ध तो स्वतः ‘ग्राहक’ ठरत नाही. त्याला १९३० च्या मालविक्री कायद्याखाली दिवाणी न्यायालयात जावे लागते. खालून येणारा दावा सोपा आणि स्वस्त, वर करायचा दावा लांब आणि खर्चिक. या कात्रीत सापडायचे नसेल, तर जी हमी आपण गिऱ्हाईकाला देतो, तीच घाऊक व्यापाऱ्याकडून आपल्या नावे लेखी घेतलेली असली पाहिजे: किती महिने, कोणत्या दोषांसाठी, माल परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, उत्तर किती दिवसांत. फोनवरच्या ‘शेठ, काळजी करू नका’ला न्यायालयात किंमत नाही. आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार निर्मात्याचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. ते नसलेला माल दुकानात उतरवून घेण्यापूर्वीच परत करता येतो. उतरवून घेतल्यावर तो आपला होतो.

गिऱ्हाईकानेही बिलावर भागाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक आणि बसवतानाचे किलोमीटर लिहून घ्यावेत. विमा कंपनीला बदल कळवावा. न कळवलेल्या बदलावरून दावा अडण्याची शक्यता असते. आणि भाग तुटलाच, तर तो दुकानात सोडून येऊ नये. छायाचित्रे काढावीत, तुकडे कापडात बांधून मोहोरबंद ठेवावेत, तक्रार लेखी द्यावी. दोष परीक्षणाशिवाय ठरत नसेल, तर जिल्हा आयोग नमुना योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तिने पंचेचाळीस दिवसांत अहवाल द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. देशातील मोटारींचे परीक्षण करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी दोन पुणे जिल्ह्यातच आहेत, वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ आणि भोसरीची ‘सीआयआरटी’. बारामतीहून पुणे सुमारे शंभर किलोमीटर. तेथे पाठवायला तुकडा मात्र शिल्लक असावा लागतो.